तळटीप

तो शब्द ब्याऐंशीव्या पानावर भेटला.
ट्रॉम्सोच्या वाचनालयात दुपारचे दोन वाजले होते
आणि खिडकीतला निळसर उजेड, जेवढा काही होता,
आवरतं घेत होता.

आधुनिक स्कँडिनेव्हियन साहित्य, सत्र दुसरं:
अकरा कादंबऱ्या, चार कवितासंग्रह,
आणि एक नाटक, जे कुणीच वाचून येत नाही.

शब्दावर बारीक आकडा, खाली टीप:
बोटीचा दोर बांधून झालाय
पण माणसं अजून घराकडे वळलेली नाहीत,
त्या मधल्या वेळेला
उत्तरेकडच्या बेटांवर असं म्हणत.
आता अप्रचलित.

म्हणत.
मी त्या क्रियापदावर बोट ठेवून बसले.
शेजारी यास्पर सफरचंद खात होता, आवाज न करता,
डेन्मार्कची माणसं वाचनालयात खातात तसा.

वर्गात प्राध्यापक ब्रेटविल्ले मौनावर बोलतात.
बाप आणि मुलगा टेबलाशी बसलेत,
दहा पानं कुणी बोलत नाही,
आणि हे म्हणे आपल्या गद्याचं मोठं यश.
ट्यूरा मान हलवते, हेडविग लिहून घेते.
आमच्या घरी त्याला मौन म्हणत नाहीत,
जेवण म्हणतात.

एकदा त्यांनी सगळ्यांना विचारलं,
भाषेशी तुमचं पहिलं नातं कोणतं?
कुणी आजीची गाणी सांगितली, कुणी रेडिओवरचं हवामान.
मी म्हटलं, आठवत नाही.
आठवत होतं. वय अकरा, मार्च महिना,
शाळा सुटल्यावर धक्क्यावरची शेड,
कॉडचं डोकं खिळ्यावर रोवायचं,
सुरी फिरवायची, जीभ बादलीत.
दुसरं डोकं.
आम्हा पोरांना किलोमागे पैसे मिळायचे,
पहिली सायकल मी जिभांवर घेतली.
हे त्या खोलीत कसं सांगायचं?
लगेच कुणीतरी त्याची उपमा केली असती.

रात्री घरी फोन लावला.
आईनं फोन बाबांकडे दिला, म्हणजे ती रागावली होती.
मागे वारा, पत्र्याचा खडखडाट.
कुठे आहात, म्हटलं.
बाबांनी तो शब्द उच्चारला.
नुसता, सहज,
कुणी 'गच्चीत' म्हणावं तसा.
आयलिव्ह इंजिनचं झाकण बसवतोय,
म्हातारा स्टाइनार उगाच उभाय,
घरी जायचं कुणाच्याच मनात नाही,
दोर मात्र बांधलाय.

मी सांगितलं, बाबा, पुस्तकात आलाय तो शब्द.
कुठला?
आत्ता म्हणालात तो.
ते थांबले. मला वाटलं, फोन कट झाला.
मग म्हणाले, बरोबर लिहिलाय का?
म्हटलं, लिहिलाय बरोबर,
पण खाली लिहिलंय, आता कुणी वापरत नाही.
यावर ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
स्टाइनारला ओरडून सांगितलं:
ऐकलंस का रे, आपण नाही आहोत.
स्टाइनार काय म्हणाला
ते वाऱ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी तेच पान काढलं.
पुस्तकं खराब करू नका, अशी पाटी आहे भिंतीवर,
आणि मी आजवर पाट्या पाळत आलेय.
पेन्सिलनं, टीपेच्या शेजारी, लहान अक्षरात:
काल संध्याकाळी सव्वासातला वापरला गेला.
तीन माणसं हजर होती.
मग खोडलं 'तीन', 'चार' केलं,
कारण फोनवर मीही होते,
दोर बांधलेली,
आणि घरी न गेलेली.

निबंध सोमवारी द्यायचाय.
विषय: मौन.
अडीच हजार शब्द.